केवळ राहण्यासाठी

समोरच्या इमारतीच्या फाटकापर्यंत जायला काकूंना बावीस पावले पुरत. पण स्वतःच्या कामासाठी ती बावीस पावले टाकायला त्यांनी दोन वर्षांना एक दिवस कमी, इतका वेळ घेतला. काम एवढेच होते, की नवऱ्याच्या नावावरचे सरकारी घर त्याच्या माघारी आपल्या नावावर करून घ्यायचे. त्याला दोन वर्षांची मुदत असते हे त्यांना ठाऊक होते. अर्जाचा कोरा कागदही कपाटात पडून होता. पण "समोरच तर आहे, कधीही जाऊ" हे वाक्य त्या घरात मुरलेले होते. लांबून येणारा माणूस आदल्या दिवशीच कागद पिशवीत भरतो, वाटेत ते दोनदा चाचपून पाहतो आणि काम उरकूनच परततो. समोर राहणाऱ्याला मात्र ते कार्यालय उठता-बसता दिसत राहते, आणि सतत डोळ्यांपुढे असलेले काम केव्हातरी आपोआप झाल्यासारखे वाटू लागते.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता काकू अखेर त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, इमारत खात्यात जाऊन उभ्या राहिल्या. मुदत बुधवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. नंतर ते घर रिकामे धरले जाणार होते, मग आत कोणी राहत असो वा नसो.

टेबलामागची कारकून मुलगी कामाला चोख होती. तिने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मृत्यूचा दाखला पाहिला आणि अर्ज उलटा करून पाठीमागच्या चौकटीवर पेनाचे टोक टेकवले. तिथे दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या, आणि ते साक्षीदार त्याच रस्त्यावर राहणारे हवे होते. काकूंनी सांगून पाहिले, की फाटकावरचा रखवालदार आपल्याला वीस वर्षे ओळखतो, शिक्केवाला ओळखतो, झेरॉक्सवाला ओळखतो. फार कशाला, या मजल्यावरचे निम्मे लोक आपल्या नवऱ्याच्या हाताखाली काम शिकलेले आहेत.

"येणारे नकोत, काकू. राहणारे हवेत," मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट थोडे अवघडलेपणच होते. "दिवसाला इथे हजारो माणसं येतात. त्यांतली संध्याकाळनंतर जी उरतात, त्यांतल्या दोन वेगळ्या घरांतल्या दोघांच्या सह्या आणा, म्हणजे झालं."

जिना उतरता उतरता काकूंनी ती उरणारी माणसे बोटांवर मोजली. एक बोट दुमडले ते कोपऱ्यावरच्या दफ्तरखान्याच्या मागे राहणाऱ्या मावशीसाठी. दुसरे दुमडले ते आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या स्टेनोसाहेबांसाठी. तिसरे बोट बराच वेळ तसेच सरळ राहिले. रस्त्याच्या त्या टोकाचे डॉक्टर गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेले होते, आणि त्यांच्या दारावर आता कुठल्याशा आयोगाची पाटी होती. म्हणजे हवे होते दोन आणि होतेही दोनच. फक्त त्यांतल्या एकाशी काकूंच्या घराने आठ वर्षांत चकार शब्द बोललेला नव्हता.

लग्न होऊन काकू या रस्त्यावर आल्या तेव्हा इथे एकोणीस घरे होती. नवरा समोरच्याच इमारतीत जावक कारकून होता. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र त्याच्या हातून, त्याचा क्रमांक लागून जायचे. नोकरीबरोबर घर मिळाले, आणि निवृत्तीनंतरही ते हयातभर राहील असा तेव्हाचा नियम होता. मग एकेक घर रिकामे होत गेले आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक घरात एक कार्यालय शिरले. काकूंच्या खालच्या मजल्यावर आता रद्द झालेल्या छापील अर्जांचे कोठार होते. या रस्त्यावर तिकिटे मिळत, शिक्के मिळत, दोऱ्या लावलेल्या फायली मिळत, शाईच्या गाद्या मिळत. कांदा मात्र मिळत नसे. भाजीसाठी काकूंना दोन चौक ओलांडून जावे लागे. कुठला ना कुठला मोर्चा असला, की रस्त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कठडे लागत आणि भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या काकूंना तरुण शिपाई विचारत, आत काय काम आहे. "स्वयंपाक करायचाय," असे काकू सांगत. सुरुवातीला त्या हे हसून सांगायच्या. अलीकडे नुसतेच सांगत. घोषणांच्या नुसत्या सुरावरून कुठल्या संघटनेचा मोर्चा आहे हे त्यांना घरात बसून कळे, आणि ओरडणाऱ्यांचे घसे किती बसले आहेत त्यावरून मागणी मान्य होणार की नाही, हेही बहुधा कळे. सुट्टीच्या दिवशी रस्ता इतका ओस पडायचा, की आपण शिंकलो तर कुणी ऐकेल का, असा विचार मनात यायचा.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे यादी.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर वारसनोंदीची खिडकी होती. तिथे रोज फक्त चाळीस टोकन देत. लोक रात्रीच्या गाड्यांनी येत, पहाटेपासून फाटकाशी दाटी करत, आणि आठ वाजता फाटक उघडले की जो धावेल त्याला टोकन मिळे. वीस वर्षांपूर्वी त्या रेटारेटीत एक म्हातारी पडली आणि तिचा खुबा मोडला. काकूंच्या नवऱ्याने ते गॅलरीतून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता त्याने आपल्या दाराबाहेर जिन्याच्या चौकात एक टेबल मांडले, वर एक वही ठेवली, आणि येईल त्याचे नाव क्रमाने लिहायला सुरुवात केली. नाव लिहिलेली माणसे जिन्याच्या पायऱ्यांवर बसत. आठ वाजता काका वही घेऊन फाटकाशी जात आणि नावे वाचत. रखवालदाराने ती यादी मानली, कारण ती मानली की त्याच्या मागची कटकट मिटत होती. क्रमांक लावणे हे काकांच्या हाडीमांसी खिळलेले होते. या कामाचा त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. ते गेल्यावर तेराव्या दिवसापर्यंतही लोक थांबले नाहीत. तिसऱ्याच पहाटे दारावर थाप पडली, आणि काकूंनी उठून वही बाहेर ठेवली. तेव्हापासून त्या यादीवाल्या काकू झाल्या. दोन वर्षांत एकदाही त्यांनी कामाच्या दिवशी साडेचारनंतर अंथरुणाला पाठ टेकलेली नव्हती. थकवा आता इतका अंगवळणी पडला होता, की तो वेगळा असा जाणवतही नसे.

दुपारी त्या दफ्तरखान्याच्या मागे गेल्या. मावशीचा नवरा तिथला पहारेकरी होता आणि दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. मावशी दोरीवर कपडे वाळत घालत होती. काकूंनी कागद पुढे केल्यावर तिने ओले हात पदराला पुसले.

"ताई, या भिंतीमागे शंभर वर्षांचे कागद आहेत," ती म्हणाली. "सगळ्या जगाचे. मी इथे राहते याचा एक चिटोरा नाही त्यात. आणि मी साक्ष द्यायची, की तुम्ही इथे राहता."

पण तिला ते आवडलेले दिसले. तिने कागद खिडकीशी नेला आणि सही करण्याआधी छापील मजकूर अक्षर जोडत, मोठ्याने वाचला. अर्जदार सदर जागेत राहतात हे आम्हांस माहीत आहे, इथपर्यंत ती भराभर आली. पुढच्या ओळीवर थबकली: सदर जागेचा वापर केवळ राहण्यासाठी होतो व अन्य कोणत्याही कामासाठी होत नाही.

"आणि तुमची ती यादी?" तिने विचारले.

काकूंनी ती ओळ वाचलेलीच नव्हती. आयुष्यभर लोकांना त्या सांगत आल्या होत्या, की सही करण्याआधी मागची बाजू वाचा.

मावशीने मात्र सही करून टाकली. तिच्या लेखी पहाटे चार माणसे जिन्यावर बसली म्हणून घराचे काही कचेरी होत नव्हते. कागद परत देताना ती एवढेच म्हणाली, की आपले ठीक आहे, पण वरचे साहेब शब्दाला शब्द लावून पाहणारे आहेत.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता आणि आईने तो अर्ज भरूच नये असे त्याला मनापासून वाटत होते. त्या रस्त्यावर आता आहे काय, असे त्याने विचारले. त्याच्याकडे काकू मागे अकरा दिवस राहून आल्या होत्या. त्यांचे अंथरूण बाहेरच्या खोलीत, न्हाणीघराच्या वाटेवर घातलेले असे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उचलावे लागे. सून एका शब्दानेही वावगे बोलली नाही. ती फक्त रोज रात्री विचारायची, "आई, तुम्ही किती वाजता झोपणार?" म्हणजे मग त्याप्रमाणे बाकीच्यांना टीव्ही बंद करता येईल. काकू म्हणायच्या, तुमचं होऊ दे. बाराव्या दिवशी त्या परत आल्या, आणि आपल्या खोलीत भर दुपारी, कुणाला न विचारता आडव्या झाल्या. मुलाला हे सांगून कळले नसते, आणि कळले असते तर त्याला वाईट वाटले असते. म्हणून त्यांनी बघते म्हणून फोन ठेवला आणि साडी नीट करून जिना चढायला सुरुवात केली.

स्टेनोसाहेब न्यायालयात लघुलेखक होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी यादीविरुद्ध दोन पानी तक्रार केली होती: राहत्या इमारतीच्या जिन्यात रोज पहाटे जमाव जमतो. टंकलेखनाची एक चूक नसलेली ती तक्रार समोरच्या इमारतीत पोचली, चौकशीला निरीक्षक आला, आणि ज्या कार्यालयात उभी हयात काढली त्याच कार्यालयाने काकांकडून लेखी खुलासा घेतला. पुढे काही झाले नाही. पण काकांनी वरच्या मजल्याकडे पाहायचेच सोडले.

दार बंद होईल या तयारीने काकू उभ्या होत्या. स्टेनोसाहेबांनी ते पूर्ण उघडले आणि म्हणाले, "बसा, वहिनी."

खोली लख्ख होती. टंकलेखन यंत्रावर खोळ होती. खिडकीशी एक लोखंडी पलंग होता आणि त्याच्या गादीवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले होते. म्हणजे त्यावर आता कुणी झोपत नव्हते. साहेबांनी चष्मा पुसला, अर्ज घेतला आणि पुढची बाजू, मागची बाजू, पुन्हा पुढची बाजू अशा क्रमाने वाचला. काकूंनी तोवर खिडकीबाहेर पाहून घेतले. त्यांच्या खिडकीतून दिसणारेच फाटक इथून जरा लहान दिसत होते.

"मी चौतीस वर्षं कोर्टात लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं," साहेब म्हणाले. "खोटं बोलणारे बोलायचे, मी लिहून घ्यायचो. पण त्याखाली सही माझी नसायची. इथे माझी असेल."

काकू म्हणाल्या, की यादी काही धंदा नव्हता. यांनी कधी कुणाचा पैसा घेतला नाही.

"ते मी तक्रारीतही लिहिलं होतं. कोणताही मोबदला न घेता, असे शब्द होते. तुम्ही वाचली नसेल."

काकूंनी ती वाचलेली नव्हती. नवऱ्याने संतापाने तिच्यातल्या मोजक्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या, त्यांत ही ओळ नव्हती.

साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या कडेशी समांतर केला आणि मग पलंगाकडे न पाहता बोलले. "शेवटचे सहा महिने ही त्या खिडकीशी होती. रात्रभर कण्हायची. पहाटे चारनंतर जरा डोळा लागायचा. पायऱ्यांवरची माणसं मोठ्यानं बोलायची नाहीत, हे मला मान्य आहे. हळूच बोलायची. पण चाळीस माणसं हळू बोलली की वर कसं ऐकू येतं, ते तुम्हाला नाही कळणार. तुम्ही त्यांच्यात असायचात."

काकूंना तो काळ आठवला. वरच्या वहिनी आजारी आहेत एवढे ठाऊक होते. एकदा साहेब खाली येऊन टेबल दुसरीकडे हलवता येईल का, असे विचारून गेले होते. ते गेल्यावर काका म्हणाले होते, साहेबांना कोर्टातल्यासारखी झोप हवीय, कुणी हाक मारली तरी न मोडणारी. आणि काकू हसल्या होत्या. तेव्हा चांगलेपणा सगळा आपल्याच मजल्यावर आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आता ते हसू आठवून त्यांची मान खाली गेली.

"मग सही नाही करणार?" त्यांनी विचारले.

"वाक्य खरं करा, मी सही करतो. उद्या पहाटे जिना रिकामा असेल, तर बारा वाजता मी स्वतः खाली येईन."

"एका दिवसानं ते खरं होईल?"

"एका दिवसानं नाही. पण इथून पुढे कायम, असा शब्द तुम्ही दिलात, तर मला पुरेल."

काकूंनी शब्द दिला. देताना त्यांना जे वाटले त्याची त्यांना लाज वाटली, कारण ते दुःख नव्हते. कुणीतरी खांद्यावरची घागर उतरवून घ्यावी, तसे वाटले होते.

दिवे लागायच्या सुमाराला त्या वही घेऊन फाटकाशी गेल्या. रखवालदार खुर्ची आत घेत होता. त्यांनी त्याला विनवले, की उद्यापासून यादी तू कर; वही देते, पेन देते. त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"माझ्या हातात आली की ती सरकारी झाली, काकू," तो म्हणाला. "उद्या कुणी भांडलं, तर साहेब मला विचारणार, तुला कुणी सांगितलं. काकांची यादी कुणाचीच नव्हती, म्हणून चालली."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. काकूंनी वहीला भोक पाडून दोरी ओवली, पहाटे साडेचारला उठून ती फाटकाशेजारच्या कुंपणाच्या गजाला बांधली, दोरीला पेन अडकवले आणि परत येऊन जिन्याचे खालचे दार लावले. वीस वर्षांत ते पहाटे कधी बंद झाले नव्हते. बिजागरीत गंज धरला होता. खांदा लावून ढकलावे लागले.

मग त्या अंधारात गॅलरीत बसल्या. पाचला पहिला माणूस आला. त्याने दार ढकलून पाहिले, वर पाहिले, कुंपणाशी गेला आणि मोबाइलच्या उजेडात नाव लिहिले. सहापर्यंत सगळे शिस्तीत चालले होते आणि काकूंना वाटू लागले, की आपण उगाच इतकी वर्षे जीव काढला. वहीला माणूस लागतच नव्हता. सव्वासहाला एका गाडीने पंधराजण एकदम उतरले. त्यांच्यातल्या एकाकडे स्वतःचा कागद होता, आणि त्याचे म्हणणे होते, की आमची नावे रात्रीच गाडीत लिहून झालेली आहेत. पहिला माणूस म्हणाला, यादी गाडीत होत नसते, यादी इथे होते. इथे म्हणजे कुठे, असे कागदवाल्याने विचारले. साडेसातला वहीचे एक पान दोघांच्या हातात अर्धे-अर्धे होते. आठला रखवालदाराने ओरडून सांगितले, की कुठलीच यादी नाही, फाटकाशी रांग लावा. मग जो धावेल तो पुढे, असे झाले. पडले कुणी नाही. एका म्हाताऱ्याचे कागद तेवढे रस्त्यावर पसरले, आणि ते गोळा होईपर्यंत तो चाळिसांच्या बाहेर गेला. काकू उठून आत आल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. आवाज तरीही येत होता.

बारा वाजता स्टेनोसाहेब आपले पेन घेऊन खाली आले. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, वेळ घातली. शाई वाळेपर्यंत ते उभेच राहिले.

"पहाटे जागा झालो," ते म्हणाले. "सवयीनं. काही ऐकू आलं नाही." पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशाला अडकवले. "मग आठ वाजता ऐकू आलं."

मग मान हलवून ते वर गेले.

इमारत खात्यातल्या मुलीने दोन्ही सह्या पाहिल्या, वेळ घातलेली सही पाहून क्षणभर हसली, आणि पोच दिली. महिन्याभरात आदेश निघेल, तोवर घर तुमचेच समजा, असे ती म्हणाली. साडेतीन वाजले होते. पोचेचा कागद चौघडी करून काकूंनी बटव्यात ठेवला आणि त्या रस्ता ओलांडून आल्या. आनंद व्हायला हवा होता. होईलही, पण आधी पाठ टेकायला हवी, असे त्यांना वाटत होते. उद्या पहाटे उठायचे नव्हते. त्यासाठी आजच्या दुपारपासूनच झोपावेसे वाटत होते.

दारासमोरच्या पायरीवर एक बाई बसली होती. वय असेल पंचेचाळीस. मांडीवर कागदांची पिशवी, शेजारी कापडी बॅग, आणि पायांत प्रवासाने सुजलेल्या चपला. म्हणजे चपला नव्हे, पायच सुजले होते, पण चपलांचे पट्टे असे ताणले गेले होते, की आधी त्यांच्याकडेच लक्ष जाई. काकूंना पाहून ती उठायला लागली.

"उद्याचं नाव इथेच लिहितात ना?" तिने विचारले. "तो चहावाला म्हणाला, वरच्या काकू लिहून घेतात."

"नाही," काकू म्हणाल्या. "इथे मी राहते."

असं होय, म्हणून बाई पुन्हा बसली. तिने तक्रार केली नाही. विचारल्यावर थोडेथोडे सांगितले. ती रात्रभराच्या गाडीने आली होती. सकाळी एका यादीत तिचा क्रमांक सतरा होता, दुसऱ्या यादीत तिचे नावच नव्हते, आणि मग सगळे धावले तेव्हा तिला धावता आले नाही. नवऱ्याच्या शेताला वारस म्हणून तिचे नाव लागायचे होते. दीर म्हणाला होता, जाऊन ये, तुला जमलं तर बघ.

"उद्या लवकर या," काकूंनी सांगितले. "पाचच्या आत."

"येते की. लांब कुठे जाणारे मी." बाईने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "पण तोवर कुठे राहू, ते सांगाल का? तो फाटकावरचा म्हणाला, सहानंतर इथे बसू देत नाहीत."

वीस वर्षे काकूंच्या घराने पहाटे पाचपासून लोकांची नावे लिहिली. पहिला क्रमांक लागलेला माणूस पाचच्या आधी कुठे असतो, हे त्यांनी कुणाला एकदाही विचारले नव्हते. काकांनीही नाही. नाव लिहिले, क्रमांक दिला, की आपल्याकडून काम झाले असे वाटायचे. सहानंतर या रस्त्यावर पाण्याचा नळसुद्धा कुलपात असतो, हे तर त्या दोघांइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

आत जाऊन दार लावले असते, तर आज काकूंना कुणी काही म्हटले नसते. दिलेला शब्दही तसाच होता. त्यांनी किल्ली लावली, खांदा देऊन दार उघडले आणि बाजूला झाल्या.

"चला वर," त्या म्हणाल्या.

"पण इथे नाव लिहीत नाहीत ना..."

"नाव नका लिहू. चला."

दाराच्या कुरकुरण्याने वरच्या मजल्यावर हालचाल झाली. स्टेनोसाहेबांचा आवाज जिन्यातून खाली आला. "कोण आहे?"

काकूंनी मान वर केली. दिलेला शब्द त्यांनी मनातल्या मनात एकदा वाचून पाहिला, साहेबांनी अर्ज वाचला होता तसा, पुढून आणि मागून.

"पाहुण्या आहेत," त्या म्हणाल्या. "राहायला आल्यात."

साहेब वर कठड्याशी उभे राहून ती दोन वाक्ये तोलत असतील, हे काकूंना न पाहताही दिसत होते. बाई बॅग उचलून तशीच खालच्या पायरीवर थांबली होती. आपले पुन्हा काहीतरी चुकले, असे तिच्या चेहऱ्यावर उमटू लागले होते.

"जपून चढा म्हणावं त्यांना," साहेब अखेर म्हणाले. "चौथी पायरी हलते."

मग त्यांचे दार लागले, हळू. काकूंनी बॅगेचा एक बंद धरला, बाईने दुसरा, आणि दोघीही दमलेल्या असल्यामुळे त्या एकेका पायरीवर थांबत थांबत वर गेल्या.